ताईचं ‘मग?’

त्याचे चित्रपट का बिघडले यावर लोकांनी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. कुणी म्हणतं, यश डोक्यात गेलं. कुणी म्हणतं, जुना कॅमेरामन गेला आणि त्याच्यासोबत नजरही गेली. एका विद्वानाने तर जाडजूड पुस्तकात ‘उतरण’ नावाचं प्रकरणच लिहिलं, आणि त्यात प्रेक्षक, जमाना, सरकार अशा सगळ्यांना धारेवर धरलं. ताई हे सगळं चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि घडी घालून ठेवून द्यायची. खरं कारण तिला एकटीला ठाऊक होतं. ते कारण म्हणजे ती स्वतः.

ताई या दिग्दर्शकाची सख्खी बहीण, चार वर्षांनी मोठी. नोकरी इस्पितळात, नर्सची. सिनेमाशी तिचा संबंध भावापुरताच. लहानपणी ती वर्षभर अंथरुणाला खिळली होती तेव्हा तो उशाशी बसून तिला गोष्टी रचून सांगायचा. म्हणून घरात त्याचं नाव पडलं गप्प्या. पुढे तो मोठा झाल्यावर बाहेरच्यांना वाटायचं, स्वारी गप्प बसते म्हणून गप्प्या. त्यालाही तो गैरसमज आवडायचा. तर गोष्ट सांगताना गप्प्या मध्येच थांबायचा. ताईने “मग?” म्हटलं तर पुढे जायचा. ती छताकडे बघत राहिली तर निमूटपणे मागे जाऊन तोच भाग बदलायचा. तिला खोटं “मग?” म्हणता येत नव्हतं. आजारी माणसाला कंटाळा लपवायचं त्राण कुठून असणार?

हीच पद्धत त्याने सिनेमात नेली. चित्रपट जोडताना तो ताईला सुटीच्या दिवशी बोलावून मागच्या खुर्चीत बसवायचा. एकेक प्रसंग दाखवायचा, यंत्र थांबवायचा आणि वळून न बघता वाट बघायचा. मागून “मग?” आलं की प्रसंग राहिला. नाही आलं की गेला, मग त्यासाठी चार दिवस घाम का गाळलेला असेना. पहिल्या चित्रपटात त्याने एका नटीचं अख्खं रडणं असं उडवलं. ती नटी त्याच्याशी पुन्हा आयुष्यात बोलली नाही. पहिले तिन्ही चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. परदेशातले लोक विचारत, एवढा काटेकोरपणा आणलात कुठून? तो खरं तेच सांगायचा की बहिणीला विचारतो. लोकांना तो विनय वाटायचा.

चौथ्या चित्रपटाच्या वेळी त्याची बायको गेली. ताईच्याच वॉर्डात, ताईच्याच देखत. तीन महिन्यांनी त्याने ताईला बोलावलं. पट्ट्याला त्याने सुरीने नवं भोक पाडलं होतं, इतका तो वाळला होता. पहिला प्रसंग संपला. फार वाईट होता. माणूस नुसता चालत होता आणि दिग्दर्शकाला त्याची कीव येत होती. यंत्र थांबलं. समोर भावाची मान दिसत होती, सोललेल्या काडीसारखी. इस्पितळात तीस माणसांना रोज “आज चेहरा टवटवीत दिसतोय हं” म्हणणारी ताई त्या दिवशी त्याच आवाजात म्हणाली, “मग?”

झालं. एकदाच म्हणणार होती ती. पण चित्रपट आपटला तेव्हा गप्प्या म्हणाला, “लोकांना नाही कळला. ताईला कळला.” आता पाचव्याला गप्प बसायचं म्हणजे चौथ्याचं खोटं चव्हाट्यावर आणायचं. तिची छाती झाली नाही. सहावा, सातवा, आठवा. प्रत्येक वेळी मागच्या खुर्चीतून ती “मग?” म्हणत राहिली आणि समोरचा चित्रपट वाढलेल्या नखासारखा वेडावाकडा लांबत राहिला. सव्वीस वर्षं हे चाललं.

आता नववा तयार होता आणि हा शेवटचाच होता, कारण गप्प्याची नजर चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरने वर्षभराची मुदत दिली होती. ताईने मनाशी ठरवलं, या वेळी काय व्हायचं ते होवो. नजर जाण्याआधी त्याला आणखी एक तरी चांगला चित्रपट स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.

सकाळी दहाला स्टुडिओतल्या छोट्या खोलीत तिघं बसली. पुढे गप्प्या, मागे ताई आणि यंत्रापाशी संकलक. हा पाचव्यापासून गप्प्याबरोबर होता आणि सगळे त्याला कात्री म्हणत. नाव कात्री असलं तरी बिचाऱ्याला कापायला कधी फारसं मिळालं नव्हतं.

चित्रपट पुलावरच्या पहारेकऱ्याचा आणि त्याच्या मुलीचा होता. लांबी तीन तास दहा मिनिटं. बाप-लेक भांडून झाल्यावर मुकाट्याने एकाच ताटलीतले बटाटे सोलतात, तो तुकडा आला आणि ताई खुर्चीत सरसावून बसली. तिसऱ्या चित्रपटानंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडातून “मग?” आपसूक निघालं. म्हणजे आत दीड तासाचा चित्रपट होता, जिवंत! वरचं सगळं तेवढं सोलायला हवं होतं. पुढचा प्रसंग लागला. पहारेकऱ्याचं नदीला उद्देशून अकरा मिनिटांचं भाषण. कात्रीने यंत्र थांबवलं. गप्प्या वाट बघत राहिला.

“ताई, डोळा लागला का गं?”

“जागी आहे.”

“अगं, मग म्हण ना.”

“नाही म्हणवत.”

“बरं नाही का तुला?”

“मला काय धाड भरलीय? प्रसंग आजारी आहे तुझा.”

कात्रीने श्वास रोखला. पण गप्प्या खुर्चीसकट वळला आणि त्याचा चेहरा फुलला होता. “अडवलंस! किती वर्षांनी अडवलंस गं मला! कात्री, बघतोयस ना? अशी अडवायची ही. शेवटचं कधी बरं? तिसऱ्याला, तो लग्नाचा प्रसंग. चौथ्याला तर...”

तो थांबला. मोजणारी बोटं हवेतच राहिली.

“चौथ्याला नाही अडवलंस.”

ताई चष्मा काढून पुसू लागली.

“पाचव्यालाही नाही. ताई, सहाव्याला?”

अजूनही सावरता आलं असतं. सगळे छान होते म्हणून अडवलं नाही, असं म्हटलं असतं तर त्याने मानलंही असतं. पण मग नदीचं भाषण तसंच राहिलं असतं आणि आणखी वीस भाषणंही. ताईने पदर आवळला आणि सगळं सांगून टाकलं. वॉर्डातला आवाज, पट्ट्याचं भोक, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी वाटलेली भीती. सांगताना ती रडली. तिला वाटलं, तो चिडेल, आरडाओरडा करेल आणि उद्या कापायला बसेल. लहानपणी तसंच व्हायचं.

तो चिडला नाही. “आठवा पण?” एवढंच त्याने विचारलं.

“आठवा पण.”

“आणि पहिले तीन?”

“ते खरे रे, गप्प्या! आईशप्पथ खरे.”

“आईची शपथ तू सातव्यालाही घेतली होतीस.”

ही बाजू ताईच्या ध्यानातच आली नव्हती. वाईट चित्रपटांबद्दल खरं बोलायला ती आली होती, आणि चांगले तीन तिच्या हातून निसटून चालले होते.

“कात्री,” गप्प्या भिंत चाचपत उठला, “ताईला घरी सोड. दमलीय ती.”

नवव्याला त्याने पुन्हा हात लावला नाही. ताईचे फोनही घेतले नाहीत. बाराव्या दिवशी कात्रीचा फोन आला. “ताई, जमेल तितक्या लवकर या. ते पहिला चित्रपट कापायला बसलेत.”

स्टुडिओच्या दारातच कात्रीने सगळं सांगितलं. पहिल्या चित्रपटाच्या जुन्या प्रती कुजून गेल्या होत्या. संग्रहालयाने एकुलत्या एक धडक्या प्रतीवरून नवी प्रत करायला घेतली होती, आणि दिग्दर्शक मान्य करेल तेवढंच जपायचं, बाकीचं टाकून द्यायचं, असा त्यांचा करार होता. गप्प्याने चोवीस मिनिटं आधीच काढली होती. “मी हातापाया पडलो,” कात्री म्हणाला. “म्हणतात, तू गप्प बस, तुला तर तू आल्यापासूनचं सगळंच आवडत आलंय.”

गप्प्या पडद्याला नाक टेकेल इतका पुढे वाकला होता. समोर कारखान्याचं बंद फाटक होतं. फाटकाबाहेर बापाची वाट बघत बसलेली दोन मुलं. सात मिनिटं कुणी चकार शब्द बोलत नाही, आणि बघणाऱ्याला श्वास घ्यायची आठवण राहत नाही. याच एका तुकड्यावर जगभर माणसं सिनेमा शिकली होती.

“सात मिनिटं,” तो वळून न बघता म्हणाला. “हे चांगलं आहे असं मला कुणी सांगितलं? तू.”

“मी एकटीने नाही रे. सगळ्या जगाने सांगितलं.”

“जगाने ते बघितलं, जे तू राहू दिलंस.”

“गप्प्या, माझ्यावर वाटेल तो राग काढ. मला घरात घेऊ नकोस. पण ही मुलं राहू दे. यांच्याइतकं खरं तू काही केलेलं नाहीस.”

तो वळला. त्याला तिचा चेहरा आता धड दिसत नव्हता, म्हणून त्याने मान कलती करून तिचा आवाज नीट मनाशी घोळवला. तो खरंच प्रयत्न करत होता. ताईला ते दिसलं आणि क्षणभर तिला आशाही वाटली.

“नाही कळत गं,” तो शेवटी म्हणाला. “सहाव्यालाही तू अशीच बोलली होतीस. अगदी अशीच.” मग कात्रीला म्हणाला, “काढ.”

कात्रीने ताईकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, पण आता ती जे काही बोलली असती, ते सगळं वाईट चित्रपटांसाठी तिचं आधीच बोलून झालेलं होतं. कात्रीने बटण दाबलं. पडद्यावरची दोन मुलं गेली आणि लगेच पुढचा प्रसंग सुरू झाला.