मशीनची पिल्लं

मशीनकाकूंना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, आणि काकूंना ते कधीच आवडलं नव्हतं. लग्न होऊन आल्या आणि पायाने चालवायच्या मशीनवर बसल्या, त्या बसल्याच. गणवेश, अभ्रे, पडदे, कोणाच्या पँटची उसवलेली शिवण. आणि ज्याला त्याला काम उद्याच हवं. मान धरली, खांदा भरून येऊ लागला, सुईत दोरा ओवायला तीनतीनदा नेम धरावा लागू लागला. तेव्हा एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "बास झालं. मशीन विकायचं. आता मी कोंबड्या पाळणार."

ज्यांच्यापुढे जाहीर केलं ते त्यांचे यजमान त्या वेळी झोपलेले होते. काका एका गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी. सकाळी घरी यायचे, चहा घ्यायचे आणि मशीनपासून हातभर अंतरावरच्या कॉटवर आडवे व्हायचे. उशाशी मशीन खडखडतंय आणि हे घोरतायत, असा त्यांचा संसार. रात्रभर डोळ्यांत तेल घालून गोदाम राखणारा माणूस दिवसा कुंभकर्णाला लाजवत असे. या माणसाला आपलं मशीन आजवर एकदाही ऐकू आलेलं नाही, अशी काकूंची पक्की खात्री होती. ती त्यांना अधूनमधून टोचायची. पण झोपलेल्या माणसाशी भांडणार कसं?

दुपारी काका उठल्यावर त्यांनी तीच घोषणा पुन्हा केली.

"बाजारात तुरी," काका म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. पुढची म्हण काकूंना पाठ होती, तेव्हा ती पुरी करण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

अंडी उबवायची पेटी भाचीने दिली. या भाचीला दर वर्षी नवा नाद लागतो आणि जुन्या नादाचं सामान मावशीकडे येतं. पेटीला पारदर्शक झाकण, आत पाण्याची खाच, बाहेर तापमानाचे लाल आकडे. डझनभर अंडीही तिनेच कुठून तरी आणून दिली. उष्णता किती, पाणी कधी, अंडी कशी फिरवायची, सगळं तिने समजावलं. खोलीत मोकळा प्लग एकच होता, मशीनच्या दिव्याशेजारचा. म्हणून पेटी मशीनच्या डाव्या हाताला, स्टुलावर बसली. आवाजाबद्दल भाची काही बोलली नाही आणि काकूंनी विचारलं नाही. घरात मशीन वाजतं, हे काय कोणाला विचारायचं असतं?

काकूंनी कापडावर आखायच्या खडूने प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली काढली आणि दुसऱ्या बाजूला गोल. फुली वर, मग गोल वर, अशी त्यांची अंडी कुशी बदलू लागली. इकडे मशीन जाणार ही बातमी फुटली आणि गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली कापडं लोकांनी बाहेर काढली. काकूंना नाही म्हणता येत नव्हतं, कारण हे शेवटचंच. त्या तीन आठवड्यांत मशीन जेवढं चाललं तेवढं पूर्वी कधी चाललं नसेल.

"काय काकू, अंड्यांना झबली शिवताय का?" समोरच्या दुकानदाराने दारातून विचारलं.

"तुझ्या तोंडाला टाके घालायचे राहिलेत, ये आत," काकू मान वर न करता म्हणाल्या.

अधूनमधून त्या काकांची पहाऱ्याची बॅटरी अंड्याला लावून बघत. आत लाल शिरांचं जाळं दिसे, मग काळी सावली, मग ती सावली हले. हे बघताना काकूंना आनंद होई, आणि तो त्यांनी कोणापासून लपवला नाही. काकांना झोपेतून उठवून त्यांनी एकदा ती सावली दाखवली होती. काकांनी ती बघितली, "हं" म्हटलं आणि पुन्हा डोळे मिटले.

अंडी फुटली तेव्हा काकू पडद्याची शेवटची पट्टी शिवत होत्या. आधी एका अंड्याचा टवका उडाला, मग आतून चोचीची टकटक, मग कवचाला गोल चीर. बाहेर आलं ते पिल्लू कसलं, ओला बोळा! वाळल्यावर मात्र ते असं फुललं की काकूंनी पट्टी वाकडी शिवली. दोन-तीन अंडी वाया गेली, बाकीची सगळी फुटली. पिल्लं दिव्याखाली खोक्यात गेली आणि काकूंनी कोपऱ्यावरच्या शिंप्याला निरोप धाडला.

शिंप्याने हातगाडी आणली. काकांनी एका बाजूने हात लावला. मशीन उंबरठ्याबाहेर गेलं तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. खोली केवढी मोठी आहे आपली, एवढंच त्यांच्या मनात आलं.

खोली मोठी झाली आणि तासाभरात पिल्लांनी ती डोक्यावर घेतली.

आधी वाटलं भूक. दाणे समोर होते. मग वाटलं थंडी. दिवा जवळ घेतला, लांब नेला, पाणी बदललं, खालचा भुसा बदलला. पिल्लं माना ताणून ओरडतच होती, दाण्याला चोच लावत नव्हती. काकूंनी भाचीला फोन केला.

"मावशी, पेटी कुठे ठेवली होतीस?"

"मशीनशेजारी."

भाची म्हणाली, "अगं, अंड्यात असताना जो आवाज ऐकतात, त्यालाच पिल्लं आई समजतात."

"मग?"

"मग काय? तू त्यांची आई विकलीस."

काकूंनी फोन ठेवला. खात्री करून घ्यायला त्या खोकं उचलून शिंप्याच्या दुकानात गेल्या. मशीन चालू झालं मात्र, पिल्लं चिडीचूप. सगळी खोक्याच्या मशीनकडच्या बाजूला गोळा झाली आणि दाणे टिपू लागली. शिंपी भला माणूस. म्हणाला, "घेऊन जा परत, काकू. व्यवहार मोडला म्हणू. माझं काही म्हणणं नाही."

काकूंना ते भलेपण नको होतं. मशीन घरात आलं की गल्ली घरात येणार, हे त्या जाणून होत्या. रिकामं का होईना, पाय मारायला लागल्या की बाहेरून खडखड ऐकून कोणीतरी कापड घेऊन दारात उभं राहणारच. पिल्लांसाठी चालवतेय म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार? आणि मशीनवर बसलंच आहे तर एवढी एक शिवण मारून द्या, असं कोण म्हणणार नाही? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! त्या खोकं घेऊन घरी आल्या. वाटेतच पिल्लांनी पुन्हा सूर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू मेलेलं सापडलं. आणखी दोन कोपऱ्यात पंख टाकून बसली होती. काकूंनी मेलेलं पिल्लू परसात पुरलं, हात धुतले आणि खोक्यापाशी येऊन बसल्या. त्यांना रडू आलं. ते पिल्लासाठी किती आणि स्वतःसाठी किती, याचा हिशोब त्यांनी केला नाही. संध्याकाळी हातगाडी मागवायची, एवढं मात्र त्यांनी ठरवून टाकलं.

"झोपू देत नाहीत," कॉटवरून काका म्हणाले.

"तुम्हाला? तुम्हाला कधीपासून आवाज ऐकू यायला लागले?"

काका उठले. लुंगी सावरत खोक्याशेजारी मांडी घालून बसले, पिल्लांकडे बघितलं आणि जीभ टाळूला लावून वाजवायला लागले. खटखटखटखट, खटखटखटखट. सोबत बोटांची पेरं खोक्यावर ताल धरत होती. मध्ये ठरावीक जागी जरा जड खट्ट येत होतं. मशीनच्या पट्ट्याला जिथे तारेचा सांधा होता, तो चाकावरून जाताना असंच वाजायचं. काकू बघतच राहिल्या. काका शिवणीच्या वळणावर हळू झाले, सरळ पट्टी आली तसे सुटले, आणि शेवटाला येऊन थांबले.

मग बारीक आवाजात म्हणाले, "आई गं."

पिल्लं गप्प झाली होती. ती काकांच्या बाजूला सरकली. पंख टाकलेल्यांपैकी एक उठून उभं राहिलं.

काकांनी दुसरी शिवण घेतली. खटखटखट, खट्ट, खटखटखट, आणि शेवटी पुन्हा, "आई गं." त्या दोन शब्दांवर पिल्लांनी एकसाथ माना खाली घातल्या आणि दाणे टिपायला सुरुवात केली.

"हे काय मधेच?" काकूंनी विचारलं.

"काय?"

"ते आई गं."

"ते तुझं."

"माझं?"

"शिवण संपली की म्हणतेस."

काकूंना हे माहीतच नव्हतं. "प्रत्येक शिवणीला?"

"प्रत्येक."

"आणि तुम्हाला ते ऐकू यायचं?"

"हातभरावर तर झोपतो. न ऐकून जाऊ कुठे?"

काकूंना आधी लाज वाटली. मग बरं वाटलं, इतकं बरं की ते चेहऱ्यावर दिसेल म्हणून त्यांनी खोक्यात बघितलं. आणि त्याच्यामागून राग आला.

"मग इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीत, काय दुखतंय म्हणून?"

आवाज बंद पडल्यावर पिल्लं चुळबुळायला लागली. तेव्हा काकांनी मुकाट्याने तिसरी शिवण घेतली. ही लांबलचक निघाली, एखाद्या मोठ्या पडद्याची असावी तशी. शेवटाला येऊन ते थांबले. सगळी पिल्लं माना वर करून वाट बघत राहिली.

"खांदा का?" काकांनी विचारलं.

पिल्लांना हा शब्द ओळखीचा नव्हता. ती सगळी एकदम ओरडायला लागली.

"आधी ते म्हणा," काकू म्हणाल्या. "मग सांगते."