महादेवरावांच्या ट्रॉलीचा जोड

पुंजाराम मिस्त्रीनं ज्या माणसाच्या उंबऱ्यावर पाय न ठेवण्याची शपथ घेतली होती, तोच माणूस एका सकाळी जीप घेऊन त्याच्या दुकानासमोर येऊन थांबला.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष उलटलं होतं आणि त्या सालची दिवाळीही होऊन गेली होती. परतवाड्यात, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुंजारामचं दुकान होतं. जातीनं तो माळी. पण वाटणीला आलेलं वावर एवढंसं, म्हणून मिसरूड फुटायच्या आत तो अकोटच्या एका कापसाच्या जिनात फिटरच्या हाताखाली लागला. पंधरा वर्षं तिथं काढली आणि मग परतवाड्याला येऊन स्वतःची भट्टी टाकली. बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, चाकांना लोखंडी धावा चढवायच्या, नांगराचे फाळ पाजवायचे, कुणाचा पंप बिघडला तर उघडून बसायचं, असं त्याचं चाले. भात्याची दोरी त्याची बायको मैनाबाई ओढायची.

त्यांना एकच लेक होती, जमुना. चार वर्षांपूर्वी तिला चिखलदऱ्याच्या पलीकडे, पठारावर बटाटे आणि कोबी पिकवणाऱ्या महादेवरावांच्या घरी दिली. पोरगा सालस होता, घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण लग्नाच्या पंगतीत पुंजाराम परात घेऊन वाढायला निघाला आणि महादेवराव सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "असा काळ्या हाताचा माळी मी तं पयल्यांदाच पाह्यला बाप्पा!"

पंगत खो खो हसली. पुंजारामनं परात तिथंच आपटली.

"तुमच्या उंबऱ्यावर पाय ठेवीन तं बापाचं नाव लावणार नाई!"

"नका ठेवू," महादेवराव म्हणाले. "मंग पोरगीबी इकडं येणार नाई."

दोघंही जिद्दीचे. दोघांनीही शब्द पाळला. मधल्या चार वर्षांत जमुनाला मुलगी झाली, हे पुंजारामला कळलं ते बाजाराला उतरलेल्या एका कोरकू बाईकडून. मैनाबाईनं त्याच दिवशी जुन्या लुगड्याची दुपटी शिवायला घेतली. शिवली, घडी घातली आणि पेटीत ठेवून दिली. पाठवायची कुणाच्या हाती?

आणि आता महादेवराव दारात उभे होते. जीप लढाईतली होती, लिलावात घेतलेली. तिच्या मागं लोखंडी ट्रॉली होती, आणि ट्रॉलीचा दांडा वेलीसारखा पिळवटलेला.

"मिस्त्री," महादेवराव जीपकडे बघत म्हणाले, "हे काम होते का?"

व्याही असून इवाई म्हणाले नाहीत. मिस्त्री म्हणाले. पुंजारामनं हातातला हातोडा खाली ठेवला. तोंडाशी आलेला शब्द एकच होता: जमुना कशी हाये? तो त्यानं गिळला आणि दांड्यापाशी बसला.

"काय झालं?"

"चिखलदऱ्यापासून माह्या मळ्यापर्यंत वाट कशी हाये, तुमाले मालूम नाई. एक चाक दगडावर अन् एक नाल्यात. तीनदा पलटली ट्रॉली. मांगच्या खेपेले तं जीपचं मांगचं चाकबी उचललं तिनं. दोन कारागिरांनी जोडाचा खिळा बदलून देल्ला. तुमी अजून जाड टाका."

"खिळा जाड केला तं जीपच पलटन."

"कावून?"

पुंजारामनं दांडा हातात धरला. "हा जोड डावी-उजवीकडं वळते. थोडा वर-खालीबी होते. पण पीळ सोसत नाई. जीप एकीकडं कलली अन् ट्रॉली दुसरीकडं, तं पीळ जाईन कुठी? कायतरी मोडनच. खिळा नाई मोडला तं दांडा, दांडा नाई तं गाडी."

महादेवराव पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघून म्हणाले, "मंग?"

"पाहतो," पुंजाराम म्हणाला.

ट्रॉलीत रिकाम्या पोत्यांची चवड होती, आणि त्यात बटाट्याचं एक भरलेलं पोतं. ते उतरवून महादेवराव म्हणाले, "हे घरी ठेवा." कुणी पाठवलं ते बोलले नाहीत. ते गेल्यावर मैनाबाई पोत्यापाशी बसली आणि कितीतरी वेळ पोत्याच्या तोंडावरच्या सुतळीवरून बोट फिरवत राहिली. तिरपे टाके, आणि गाठ आतल्या बाजूला लपवलेली.

"हे तिनंच शिवलं," ती म्हणाली. "गाठ आत घ्याले मीच शिकवलं तिले."

ती सुतळी तिनं कापली नाही. एकेक टाका उसवून काढला.

पुंजारामनं आधी सोपा उपाय केला. जीपला जाड आकडा आणि दांड्याला लोखंडी कडं. कडं आकड्यात मोकळं, त्यामुळं कसंही कललं तरी अडत नव्हतं. महादेवराव घेऊन गेले आणि दहा दिवसांनी परत आले.

"पलटत नाई," ते म्हणाले. "पण उतारावर मांगून असे धक्के बसतात की दात वाजतात. बटाटे ठेचून राहिले. अन् हा आकडा पाहा, दहा दिसात किती खाल्ला!"

पुंजारामनं आकड्याच्या चकाकणाऱ्या खाचेत अंगठा घालून पाहिला. मोकळीक हवी होती, पण ढिलाई नको होती. या दोहोंत फरक आहे हे त्याला जिनातल्या पंधरा वर्षांनी शिकवलं होतं, तरी घाईनं त्यानं सोपं तेच केलं. घाई कशाची होती, ते त्याचं त्याला ठाऊक होतं. काम झालं की गाडी वर जाणार, आणि गाडी पुन्हा खाली आली की वरची काही खूण येणार. या खेपेला एका कोबीच्या पाटीवर झाकलेलं फडकं आलं होतं, जमुनाच्या हिरव्या लुगड्याचं. लग्नात मैनाबाईनंच घेतलेलं लुगडं. विरून त्याचं फडकं झालं होतं.

"मिलिटरीतला डायव्हर म्हणत होता, गोळ्याचा जोड करा," महादेवराव म्हणाले. "गोळा अन् त्याच्यावर वाटी."

"चांगला असते तो. पण तसा गोळा इथं घडत नाई. वाटीचा काठ घाटात तडकला तं तुमाले समजनबी नाई, ट्रॉली दरीत गेल्यावर समजन. उघडून पाहता येईन, डोळ्यानं दिसन, असाच जोड करतो मी. पंधरा दिस द्या."

मग तो खरा कामाला लागला. अकोल्याच्या भंगार बाजारातून मोडक्या लॉरीचा आस आणला. त्याचं लोखंड असं कडक की छिन्नी उडावी. जमिनीवर खडूनं आकृती काढली. जीपच्या मागं एक उभा खिळा, डावी-उजवीकडे वळायला. त्याला धरून एक आडवा खिळा, चढ-उताराला. आणि या दोहोंच्या मागं, दांड्याच्याच रेषेत, एका नळीत फिरणारा आस, पीळ सोसायला. पुढून आसाला मोठी टोपी, मागून जाड चकती आणि नट, आणि नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार दोन टोकं फाकवलेली पिन. ट्रॉली पार आडवी झाली तरी जीपला तिचा पत्ता लागू नये, असा बेत.

आस खरादावर, लोखंड कातायच्या मशीनवर, उतरवायला तो अमरावतीला गेला. तिथं ओमप्रकाश म्हणून त्याचा जिनातला जुना सोबती होता. मशीनवर लोखंडाच्या निळ्या साली उलगडत असताना ओमप्रकाशनं विचारलं, "इतकं बारीक काम कुणासाठी करून राहिला बे?"

"पोरीच्या सासऱ्यासाठी."

"ज्यानं तुही इज्जत काढली तो?"

"हो."

ओमप्रकाशनं मशीन थांबवलं. "अन् पोरगी?"

पुंजारामची नजर त्या निळ्या सालींवर होती. तो म्हणाला, "ते त्या ट्रॉलीत बसत असन कधीतरी. बाजाराले, दवाखान्याले. लेकरू घेऊन."

ओमप्रकाश उठला. जुन्या जिनाच्या यंत्रातला काशाचा बुश, आस फिरायची बांगडी, शोधून त्यानं स्वतःहून काढून दिला, आणि आस त्यात असा बसवला की बोटानं फिरावा पण हलू नये.

परतवाड्याला परतल्यावर बाकीचं घडवणं चार दिवस चाललं. मैनाबाईनं भाता ओढला, घण मारायच्या वेळी सांडशी धरली. बुशाला ग्रीस जायला भोक पाडलं. शेवटी दोन्हीकडून साखळ्या टाकल्या, उद्या सगळं मोडलं तरी ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून. जीप आली तेव्हा पुंजारामनं दुकानासमोरच परीक्षा घेतली. जीपचं एक चाक दगडांच्या ढिगावर चढवलं, ट्रॉलीचं उलट बाजूचं चाक गटारात सोडलं. बघ्यांनी गलका केला. नळीत आस सावकाश फिरला, ट्रॉली कलली आणि जीप आपल्या जागी शांत.

महादेवराव खाली वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "वाटेवर चालते का ते पाह्याले तुमी यायले पायजे."

"येतो," पुंजाराम म्हणाला. मैनाबाईनं घाईघाईनं दुपटी आणून त्याच्या पिशवीत कोंबली.

घाट चढताना तो ट्रॉलीतच बसला, जोडाकडे तोंड करून. चिखलदऱ्याच्या पुढं वाट खरोखरच वाट नव्हती, नाल्याचा तळ होता. एका ठिकाणी जीप डावीकडे इतकी कलली की त्याला खालचं जंगल दिसलं आणि त्याच क्षणी ट्रॉली उजवीकडे कललेली. आस फिरला. काही वाजलं नाही, काही ताणलं नाही. एरवी या गोष्टीनं त्याचं मन भरून आलं असतं. आज त्याला फक्त पुढच्या वळणामागं घर दिसतंय का ते पाहायचं होतं.

घर दिसलं. अंगणात गाडी थांबली आणि तो तसाच जोडाखाली शिरला, ग्रीस पाहायचं निमित्त करून. पैंजण वाजले. दोन पाय येऊन थांबले. टाचांना भेगा पडलेल्या.

"बाबा."

तो बाहेर आला. जमुना पाण्याचा गडवा घेऊन उभी होती. वाळली होती. कडेवर दोन वर्षांची पोर, बोट तोंडात घालून त्याच्याकडे टकमक पाहणारी.

"कशी हायेस?" एवढंच त्याला सुचलं.

"जीप नसती घेतली मामंजीनं, तं तुमी आलेच नसते का?"

"वाट नव्हती ना पोरी..."

"बंडीची वाट होती बाबा. कोरकू बाया रोज लाकडाची मोळी घेऊन पायी उतरतात." तिचा आवाज चढला नव्हता. "हे पोरगी झाली तवा तीन दिस माह्या जिवाचं खरं नव्हतं. मी सारखी दाराकडं पाहत होती."

पुंजारामच्या हातातलं ग्रीस पुसायचं फडकं गळून पडलं. चार वर्षं तो मानाला जपत होता, आणि त्याला वाटत होतं की तो लेकीसाठी झुरतोय. दोन्ही खरं होतं. पण दाराकडे पाहणारीला त्यातलं एकच दिसलं होतं, न आलेला बाप.

त्यानं पिशवी घेतली. उठला, अंगण ओलांडलं, आणि उंबऱ्यावर पाय ठेवून घरात गेला. आत जमुनाची सासू आशाबाई चुलीपाशी होती, ती पदर सावरत उठली. तिला हात जोडून त्यानं पिशवीतून दुपटी काढली आणि पाळण्यात ठेवली. पाळण्यात आता मावण्याइतकी पोर लहान राहिली नव्हती, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

मागून महादेवराव आले. त्यांनी कोपऱ्यातली घागर उचलली.

"हात धुवा, इवाई," ते म्हणाले आणि त्याच्या ग्रीसनं माखलेल्या हातांवर स्वतः पाणी ओतू लागले. राख दिली, पुन्हा पाणी ओतलं. काळं काही पुरतं निघालं नाही. महादेवराव तरी ओतत राहिले, घागर रिकामी होईपर्यंत.

जेवताना पुंजारामनं मान वर न करता विचारलं, "अखजीले पाठवान का तिले?"

"आठ दिस पाठवतो," महादेवराव म्हणाले. "जास्ती नाई जमत. कांदा काढणीले येते तवा."

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जमुना आली. मैनाबाईनं कडुनिंबाला झोका बांधला होता, सांजोऱ्या केल्या होत्या, आंब्याचा रस काढला होता. नात, तिचं नाव सत्यभामा, तीन दिवस आजोबाकडे फिरकली नाही. चौथ्या दिवशी येऊन त्याच्या मांडीवर बसली आणि भात्याची दोरी मागू लागली. जमुना माहेरी दिवसच्या दिवस झोपली. मैनाबाई तिच्या उशाशी बसून राहायची, वारा घालत. बोलायला चार वर्षांचं साठलं होतं, पण उठवायचा धीर व्हायचा नाही. पुंजाराम बापलेकीचं बोलणं रोज उद्यावर टाकत होता. त्याला म्हणायचं होतं, चुकलो मी. आठव्या दिवशी जीप आली तेव्हाही ते म्हणायचं राहिलेलंच होतं.

"पोळ्याले येजो," मैनाबाई म्हणाली.

"पावसात घाट कुठी उतरू देते माय," जमुना म्हणाली आणि पोरीला घेऊन ट्रॉलीत पोत्यांवर बसली.

जीप निघाली. दुकानापासून शंभर पावलांवर रस्त्याला आडवा एक खोल चर होता. जीपचं चाक त्यात उतरलं आणि पुंजारामची नजर आपोआप जोडावर गेली. आस फिरला, ट्रॉली कलली, सावरली आणि चर ओलांडून गेली. त्यानं मान वर केली तोवर गाडी वळणावर पोहोचली होती आणि जमुनाची पाठ तेवढी दिसत होती, तीही धुळीत.

"हात केला का तिनं?" त्यानं विचारलं.

"केला ना," मैनाबाई म्हणाली. "कितीतरी वेळ केला. तुमी खाली पाहत होते."