बांगड्यांचा आवाज

चांगुणानं नवऱ्याच्या कपाळावरची माशी हाकलली, बांगड्या किणकिणल्या आणि खाटेवर किसनराव धनुष्यासारखे मागं ताणले गेले.

खाटेशी उभ्या डॉक्टर उत्तमनं घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंद.

"बांगड्या काढा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "धनुर्वातात एवढ्याशा आवाजानंही झटका येतो."

"धनी जित्ते असतानी?"

"तुम्हाला नवरा हवा की बांगड्या?"

ती उठून व्हरांड्यात जाऊन बसली.

उत्तम मूळचा मेहकरचा. पण नागपूरच्या मेडिकलला पहिला आल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते, आणि जिभेवरची वऱ्हाडी तर केव्हाच उडाली होती. बासष्ट सालच्या उन्हाळ्यात तो शिकाऊ डॉक्टर म्हणून बुलढाण्याच्या दवाखान्यात आला, तो एखादा धनुर्वात बरा करून नाव कमवायचं ठरवूनच. रोग्याजवळ बसणं हे नर्सचं काम, असं तो उघड म्हणे.

धनुर्वातावरचं प्रतिविष दिलं होतं, झोपेचं इंजेक्शन दिलं होतं, खिडकीला काळं कापड लावलं होतं. तासभर झटका आला नाही. स्वारी खूश झाली. मग त्यानं नाडी धरली, तर ती नुसती धावत होती. किसनरावांची दातखीळ बसलेली, पण शुद्ध पुरती जागी होती. नजर दाराला लागली होती.

"गेली?" दातांच्या फटीतून शब्द आला.

उत्तमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बँडेजची गुंडाळी घेऊन तो बाहेर गेला, चांगुणापुढे उकिडवा बसला आणि त्यानं तिच्या दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्या मनगटांशी घट्ट गुंडाळून टाकल्या.

ती आत येऊन खाटेलगत चटईवर बसली. नाडी हळूहळू ताळ्यावर आली.

आणि झटका आला. कसलाच आवाज झाला नव्हता. या वेळी पुरतं एक मिनिट.

चांगुणा भिंतीला धरून उठली आणि दाराकडे निघाली. दोष तिनं न सांगता पदरात घेतला होता, आणि तो तिथंच राहू देणं सोपं होतं.

"नुसत्या बांगड्यायचं नव्हतं हो, बाई," उत्तम म्हणाला. "माह्यं चुकलं. बसा."

ती परत बसली.

"वाचतीन ना हे?"

"मले नाही सांगता येत."

"मंग आता काय करता?"

"करण्यासारखं होतं थे सारं केलं."

चांगुणानं जरा सरकून चटईवर जागा केली.

"मंग बसा," ती म्हणाली.