नुसतं 'उली'

क्रिस्पुलोचा आवाज एके काळी सगळ्या सेबू बेटाच्या ओळखीचा होता. रेडिओवरच्या श्रुतिकांत तो खलनायक व्हायचा आणि बाजारात बायका त्याला खरोखर शिव्या घालायच्या. अर्गाव गावातल्या घरी मात्र बायकोशी, युफेमियाशी, तो कधी चढ्या आवाजात बोलला नाही. बोलला तो एकदाच, मुलीशी. अर्लिंडानं त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा फाटकात उभा राहून म्हणाला, "पुन्हा या घरी येऊ नकोस." तीही बापाचीच लेक, आली नाही.

पुढे त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि जिभेवर शब्दांची मुळं तेवढी उरली. त्यांच्या भाषेत सगळा कारभार मुळाच्या मागेपुढे लागणाऱ्या जोडांवर चालतो. झालं की व्हायचंय, कुणी केलं, कुणाला करू दिलं, सगळं त्या जोडांत. नेमके तेच गळून पडले. "काओन," तो म्हणायचा. खाणं. युफेमियानं ताट वाढून आणलं, तर हा मान हलवून स्वयंपाकघराकडे बोट दाखवतोय. जाऊन पाहते तर मांजरानं सुकी मासळी फस्त केलेली.

"'खाल्लं' म्हणायचं होतं होय तुला," ती म्हणाली आणि दोघंही हसली. त्याचं हसू एकाच गालावर आलं.

पण 'उली'नं तिला दमवलं. उली म्हणजे परतणं. दिवसभर तो तेवढंच म्हणे.

"अरे, घरीच तर आहेस तू."

मान हलली. नाही.

"इउली? कुणाचं काही परत द्यायचंय?" शेजारच्या बादोंगची शिडी मागच्या पडवीत पडून होती. युफेमिया ती उचलून पोचवून आली. शिडी जाताना पाहून क्रिस्पुलोनं डाव्या हातानं कपाळ धरलं.

"मग नाउलिआन? बरं वाटतंय?" दुखण्यातून माणूस उठला तरी तिथे याच मुळाचा शब्द, तब्येत परत आली म्हणायचं. तो भिंतीकडे तोंड करून पडला.

एका दुपारी मक्याची पेज भरवताना ती म्हणाली, "चिडू नकोस. मी एकेक जोड लावून बघते. बरोबर लागला की डोळे मीट. मोउली? कुणी येणार आहे?"

डोळे उघडेच.

"निउली? आलं कुणी?"

तो फाटकाकडे बघत होता. युफेमियाचा चमचा हातातच राहिला. आणखी एक जोड तिला आधीही सुचला होता, पण लावायचा धीर झाला नव्हता.

"पाउलिआ?" ती हळूच म्हणाली. येऊ दे तिला.

त्यानं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. पेज गार झाली. तिनं खांद्यावरच्या फडक्यानं त्याचे गाल पुसले आणि लापुलापू शहरात राहणाऱ्या अर्लिंडाला फोन लावला.

"पा स्वतः म्हणाले?" अर्लिंडानं विचारलं.

"अर्धं तो म्हणाला. उरलेलं मी लावलं, त्यानं डोळे मिटले."

"म्हणजे तूच म्हणालीस, मा."

"तसं समज. पण कधीपासून एकच शब्द घोळवतोय तो, आणि मी मूर्खासारखी लोकांच्या शिड्या पोचवत फिरतेय."

"त्यांच्याकडे दे," अर्लिंडा म्हणाली.

क्रिस्पुलोनं फोनमध्ये श्वास घेतला. "उली," तो म्हणाला.

"ऐकलं, पा."

रविवारच्या बसनं ती आली, नवऱ्याला आणि तान्ह्या मुलीला घेऊन. जावई फाटकातच घुटमळला. क्रिस्पुलोनं डावा हात वर करून त्याला आत बोलावलं आणि शेजारची खुर्ची पायानं पुढे सरकवली.

हळूहळू त्याच्या तोंडी काही जोड परत आले, पण बहुतेक चुकीच्या जागी. अर्लिंडा शेजारी बसून त्याची नखं कापत असायची, आणि तो आल्यागेल्याला सांगायचा, "माझी मुलगी घरी येणार आहे."

"हो, येणार आहे," युफेमिया म्हणायची.