नीलक्का टीचरची सही

"सही घे आणि निघ. तोंड सोडू नकोस," सुशांतनं मला बजावलं होतं. नवराच तो, मला ओळखून आहे. राग नाकाच्या शेंड्यावर, हा माझ्या बाबांचा वारसा.

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायहून कँटन वीस मिनिटं. शनिवारी बँकेतली नोटरी दुपारी एकलाच निघून जाते, आणि सोमवारपर्यंत कागद गेले नाहीत तर आमचं ग्रीन कार्ड बोंबललं. तेरा वर्षं रांगेत उभं राहून!

चूक माझीच. माझ्या जन्माची नोंद दोन वर्षं उशिरा झालेली, म्हणून इमिग्रेशननं आणखी पुरावा मागितला. मी गावच्या शाळेचा चौथीचा दाखला न वाचताच अपलोड केला. जन्मदाखल्यावर मामाचं गाव, तालुका चंदगड, महाराष्ट्र. शाळेच्या दाखल्यावर करंबेवाडी, कर्नाटक. झालं! वकील म्हणाली, जन्माच्या वेळी हजर असलेल्या कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र आण. आई-बाबा दोघंही गेलेले. मामीला फोन केला तर ती म्हणाली, "मला यात ओढू नकोस बाई. नीलक्का टीचरला विचार." नीलक्का म्हणजे आमच्या गावात कन्नड शिकवायला आलेली बाई. आता कँटनला लेकीकडे असते.

करंबेवाडी सीमाभागातली. बाबा तिथले लढ्याचे पुढारी. "माझी लेक महाराष्ट्रात जन्मली," हे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलेलं. पाचवीपासून कन्नड शिकावं लागेल म्हणून मला मामाकडे धाडलं. बाबांच्या शब्दावर विसंबून प्रतिज्ञापत्र मी घरूनच टाइप करून आणलं होतं, जन्मगावाच्या जागी मामाचं गाव घालून. फक्त सही हवी होती.

टीचरनी चष्मा लावला, एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"हे खोटं आहे."

"टीचर, साडेबारा वाजलेत. बँकेत चला, फक्त सही करा."

"तू माझ्या स्वयंपाकघरात जन्मलीस. करंबेवाडीत."

माझा तोल गेला. "बाबांवरचा राग माझ्यावर काढताय तुम्ही! त्यांच्या लढ्याचं तुमच्याशी वाकडं, म्हणून माझ्या संसाराचं वाटोळं करणार?"

त्यांनी आवाज चढवला नाही. "बस खाली. शहाऐंशीचा जून. कन्नडसक्तीवरून सगळा सीमाभाग पेटलेला. तुझ्या बापानं झाडं पाडून नाक्यावर रस्ता अडवला. पोरांना सांगितलं, साक्षात देव आला तरी गाडी सोडायची नाही. आणि तो गेला मोर्चाला. इकडं तुझ्या आईला कळा सुरू झाल्या. दवाखान्याला निघालेली जीप नाक्यावर अडली. पोरांनी त्याचाच हुकूम पाळला की! नाक्याला लागून माझं घर. मी दार उघडलं."

"आणि बाबा?"

"पहाटे आला. माझे पाय धरले. म्हणाला, टीचर, हे कुणाला कळू देऊ नका. मी शब्द दिला. पंधरा दिवसांनी गावानं माझं सामान रस्त्यावर टाकून घराला कुलूप ठोकलं. तुझा बाप समोर उभा होता, मान खाली घालून. एक अक्षर बोलला नाही. तरी त्याला दिलेला शब्द मी एकोणचाळीस वर्षं पाळला. गप्प राहणं जमलं गं. शपथेवर खोटं लिहिणं नाही जमणार."

मला इतकी लाज वाटली की कुठं बघावं कळेना. बाबांचा असा संताप आला की ते समोर असते तर भांडलेच असते. मग आठवलं, शाळेत माझं नाव घालायला आई गेली होती. म्हणजे तिथं तिनं खरं गाव सांगितलं होतं.

मी वकिलाला फोन लावला. "खरं लिहिलं तर?"

"तर जन्मदाखला चुकीचा ठरतो. खुलासा द्यावा लागेल. ते मान्य करतील की नाही, मी सांगू शकत नाही."

सुशांतचा मेसेज आला होता, झालं का? बारा चाळीस. मी पेन उचललं, मामाचं गाव खोडलं आणि वर करंबेवाडी लिहिलं. टीचरनी वाचलं आणि चपला शोधायला उठल्या.

बँकेत पोचलो तेव्हा नोटरी पर्स आवरत होती. तिनं टीचरना उजवा हात वर करायला लावला. टीचरनी शपथ घेतली आणि सही केली, कन्नडमध्ये. नोटरीनं कागद माझ्याकडे सरकवला. "हे त्यांचंच नाव ना? बघ जरा."

मी बघितलं. माझ्या जन्माची एकुलती एक साक्षीदार, आणि मला तिचं नाव वाचता येत नव्हतं. बाबांनी तेवढी काळजी घेतली होती.

"टीचर," मी विचारलं, "यातलं 'नी' कुठलं?"

त्यांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. मी कागदांच्या रिकाम्या पाकिटावर ते गिरवून पाहिलं. वाकडं आलं. त्यांनी माझा हात धरला आणि पुन्हा काढून घेतलं.