मेलेल्या खाडीवरचं व्याख्यान

उत्तरा गोखले ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, आणि ठाण्याची खाडी मेली आहे हे तिचं लाडकं मत होतं. पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, म्हणजे प्लवक, शोधायला ती दामाजी कोळ्याच्या होडीतून जाळी घेऊन हिंडली होती. फारसं काही सापडलं नाही, तेव्हा प्रबंधात तिने खाडीला श्रद्धांजली वाहून टाकली. तो गंभीर सूर आपल्याला शोभतो, असं तिला मनापासून वाटे. १९९१ साली नौपाड्यातल्या व्याख्यानमालेने बोलावलं, तेव्हा 'एका खाडीचा मृत्यू' हे नाव तिनेच सुचवलं आणि काळ्या काठांची साडी इस्त्रीला टाकली.

डोंबिवलीच्या घरी फ्रिजमध्ये खाडीच्या तळातल्या गाळाच्या बरण्या होत्या. त्यातलं शिसं मोजायचं होतं. गाळावर खाडीचंच पाणी होतं, पण इतकं बारीक गाळून घेतलेलं की त्यात जीव राहणं शक्य नव्हतं. पाहुणे येणार म्हणून तिच्या नवऱ्याने, आनंदने, चक्क्यासाठी जागा करताना एक बरणी खिडकीत ठेवली आणि सांगायला विसरला.

ती उत्तराला दिसली नेमकी व्याख्यानाच्या सकाळी.

"अरे, हे काय केलंस? माझा नमुना वाया गेला."

"वाया कसला? आत काहीतरी उड्या मारतंय. मला वाटलं, तूच पाळलंयस."

कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली तिने एक थेंब धरला. कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या चिमुकल्या जिवांची नुकती जन्मलेली पिल्लं त्यात वळवळत होती. पाणी गाळलेलं, झाकण घट्ट. म्हणजे ती गाळातूनच आली होती. अंधारात, थंडीत निजलेली अंडी ऊन लागताच फुटली होती. अशी अंडी असतात हे ती दरवर्षी वर्गात शिकवायची, मात्र परदेशातल्या थंड समुद्रांची गंमत म्हणून. स्वतःच्या फ्रिजमध्ये डोकावायचं तिला सुचलं नव्हतं. यांना उद्या जन्मता आलं नसतं का, हा तिच्यातल्या शास्त्रज्ञाच्या मनात आलेला पहिला विचार.

संध्याकाळी बरणी पदराआड धरून ती व्यासपीठावर गेली. अध्यक्षांना विषय फारच भिडला होता. त्यांनी सगळ्या सभागृहाला खाडीसाठी मिनिटभर उभं केलं. मान खाली घालून उत्तराही उभी राहिली. मान खाली, त्यामुळे बरणीतल्या उड्या तिला स्पष्ट दिसत होत्या.

"बसून घ्या," ती शेवटी म्हणाली. "ज्यांच्यासाठी आपण उभे राहिलो, ते इथे पोहतायत. मृत्यू झालाय तो माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा."

लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. मग तिने पेरणीची वाट बघणाऱ्या बियाण्यासारखी ही अंडी कशी तळाशी पडून राहतात, ते सांगितलं. मागच्या रांगेत दामाजी बसला होता.

"मंग मावरा येल का, म्याडम?" त्याने विचारलं. त्याला मासळीचं पडलं होतं.

विद्वत्ताप्रचुर उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. "माहीत नाही, दामाजी. खाली कोण कोण निजलंय तेच मी अजून बघितलेलं नाही."

प्रबंध लांबला, मार्गदर्शक चिडले. उत्तरा पुन्हा दामाजीच्या होडीत बसली, आता गाळ उपसायला. जाळीत कधीच न आलेले जीव खिडकीतल्या बरण्यांत उगवू लागले. काहींची नावं पुस्तकात सापडली. ज्यांची सापडली नाहीत, त्यांच्या बरणीवर तिने चिठ्ठी चिकटवली: 'कोण?'