मागच्या सीटवरचा दिवा

गाडी मी मारली, हे आधीच सांगून टाकते. उगाच दुसऱ्या कुणावर आळ नको. मारली म्हणजे तिची बॅटरी संपवली, आणि तीही एका बोटाने. रविवारी दुपारी बाजारातून परत आलो, तेव्हा उतरता उतरता मी मागच्या सीटवरचा छोटा दिवा लावून ठेवला. माझी आठ वर्षांची लेक, ठकी, त्या दिव्यात गोष्टींची पुस्तकं वाचते. तो हाताने लावायचा आणि हातानेच बंद करायचा दिवा. भर उन्हात तो कुणाला दिसणार! ह्यांनी गाडी बाहेरून दोनदा पुसली, तिच्यावर राखाडी खोळ चढवली, खालची नाडी करकचून बांधली आणि सोमवारी सकाळी दोन्ही किल्ल्या खिशात घालून कंपनीच्या पांढऱ्या गाडीने कामासाठी परगावी गेले. शुक्रवारी संध्याकाळी सहाला परत येणार होते.

माझी नर्सिंगची प्रमाणपत्रं, माझा पासपोर्ट आणि ठकीचा जन्मदाखला एका निळ्या फाइलमध्ये असतात, आणि ती फाइल गाडीच्या पुढच्या कप्प्यात. "घरात वस्तू हरवतात," असं हे म्हणायचे. खरं कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दीड वर्षापूर्वी मी ठकीला घेऊन ताईकडे, माझ्या मोठ्या बहिणीकडे, निघून गेले होते. कागद बरोबर नव्हते. तिथल्या शाळेने ठकीला घेतलं नाही, दवाखान्याने मला कामावर घेतलं नाही, आणि दहाव्या दिवशी हे फुलं घेऊन ताईच्या दारात उभे राहिले. परत आल्यावर काय झालं ते सांगत बसत नाही. माझा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, एवढं पुरे.

या खेपेला कागदांशिवाय पाऊल उचलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण गाडीत ह्यांनी एक काळी डबी बसवून घेतली होती. दार उघडलं की लगेच ह्यांच्या मोबाइलवर संदेश. ही डबी बॅटरीवर चालते आणि बॅटरी मेली की तीही मरते, हे मला कळलं ते मागच्या वर्षी. तेव्हा ठकीच्या हातून तो दिवा चुकून चालू राहिला आणि गाडी बंद पडली. ह्यांनी किल्लीने दार उघडलं, तरी ह्यांचा फोन गप्पच होता. मेकॅनिकने करंट दिला तेव्हा कुठे तो वाजला. त्या संध्याकाळी ह्यांनी ठकीच्या बोटांवर लाकडी पट्टीने मारलं, दिवा लावणाऱ्या बोटावर जास्त. मी ओट्यापाशी उभी राहून भाजी चिरत होते. मला त्याची लाज वाटते, आणि ती जाईल असं वाटत नाही.

तर आठवडाभर रोज सकाळी कचरा टाकायला जाताना मी खोळीची कड उचलून आत बघत होते. सोमवारी दिवा लख्ख होता. बुधवारी पिवळा पडला. गुरुवारी आत नुसती लाल तार दिसत होती, आणि मला वाटलं आता हा मेला विझायचाच नाही. शुक्रवारी सकाळी काचेत फक्त माझं तोंड दिसलं.

पुढचा हिशेब सोपा होता. शाळा चारला सुटते. ताईकडे जाणारी बस साडेचारची. हे येणार सहाला. शाळेचा नियम असा की आईबापांपैकी जो आधी येईल त्याच्या हाती मूल द्यायचं. म्हणजे बस सुटेपर्यंत ह्यांना काही कळता कामा नये, बस्स. काच फोडायचाही विचार केला होता. एकदा दगड उचललाही. पण वरच्या मजल्यावरचे आजोबा दिवसभर खिडकीत असतात आणि ह्यांना फोन करायला त्यांना निमित्तच हवं असतं. दुपारी ते झोपतात. पण काच फुटल्यावर कोण झोपून राहील?

म्हणून चावीवाला बोलावला. त्याने एक वाजताची वेळ दिली आणि सव्वादोनला आला. साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, हातात पत्र्याची पेटी. आल्या आल्या त्याने एक जाड वही काढली.

"वहिनी, गाडीचे कागद?"

"गाडीतच आहेत."

"सगळ्यांचे गाडीतच असतात. मग मालकांशी बोलू द्या फोनवर."

"ते कामात असतात. काका, चाव्या हरवल्यात आणि मला आतली फाइल आज हवी आहे. मुलीच्या शाळेचं काम आहे." हे बोलताना माझा आवाज इतका गोड झाला की माझा मलाच राग आला. मी त्याला भिंतीवरचा आमचा तिघांचा फोटो आणून दाखवला. मागे हीच गाडी. हे मध्ये उभे, दोन्ही हात आमच्या खांद्यांवर.

चावीवाल्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि वही मिटली. "उघडल्यावर बघू कागद," म्हणाला.

त्याने हँडलजवळची प्लास्टिकची टोपी काढली. आत किल्लीचं भोक होतं, पण एरवी न वापरलेलं, गंजून बसलेलं. तो छोट्या स्टुलावर बसून त्यात तेल सोडत होता, दोन बारीक सळया फिरवत होता आणि कुलपाशी भांडत होता. "ये की बाबा. अरे, ये की." पंधरा मिनिटं गेली. पंचवीस गेली. मी एकदा गल्लीकडे बघत होते, एकदा वरच्या खिडकीकडे.

"असं नाही व्हायचं," तो शेवटी पाठ सरळ करत म्हणाला. "दाराच्या फटीतून सळई घालून आतलं बटण दाबतो. पण ते विजेवर चालतं. पेटीत छोटी बॅटरी आहे माझ्या, खालून जोडतो. पाच मिनिटांचं काम."

"नको!"

मी एवढ्याने ओरडले की त्याने चष्मा वर केला.

"का?"

इथे मी एक वाक्य बोलायला हवं होतं. चार शब्दांचं. परक्या माणसापुढे काय सांगायचं, असं वाटलं. हे बाहेर किती चांगलं बोलतात, लोकांना ह्यांचं किती कौतुक, असलं सगळं एकदम डोक्यात आलं. मी म्हटलं, "तारा जळतील. मागे एकदा जळल्या होत्या."

तो हसला. "वहिनी, चाळीस वर्षं हेच करतोय. तुमची एक तार जळली तर नाव बदलीन."

"नको म्हणते ना! भोकातूनच उघडा. कितीही वेळ लागू दे."

तेवढ्यात घरातला फोन वाजला. तीन वाजले होते. हे रोज तीनला करतात, आणि तोही मोबाइलवर नाही, भिंतीजवळच्या तारेच्या फोनवर, म्हणजे मी घरात आहे हे कळतं. तिसरी रिंग व्हायच्या आत उचलावा लागतो. मी धावले.

"हॅलो."

"धापा का टाकतेस?"

"कपडे वाळत घालत होते."

"बरं. ठकी शाळेत?"

"हो."

"जेवलीस?"

"हो," मी म्हटलं, आणि मागच्या अंगणात गाडी केकाटायला लागली.

चार-पाच वेळा ओरडली असेल. मग थांबली. मी रिसीव्हर छातीशी दाबून धरला, पण तेवढ्याने काय होणार. कानाला लावला तर पलीकडे शांत होतं. मग त्या शांततेत ह्यांच्या मोबाइलचा बारीकसा टिंग असा आवाज आला.

"थांब हं," हे म्हणाले. "काहीतरी आलंय."

मी भिंतीला टेकले. ह्यांचा आवाज चढतो तेव्हा फार भ्यायचं कारण नसतं. भांडी फुटतात आणि विषय संपतो. आवाज उतरतो तेव्हा भ्यायचं. आणि आता तो अगदी मऊ झाला होता.

"गाडीपाशी कोण आहे गं?"

"कुणी नाही."

"असू दे. काम लवकर आटपलं. म्हटलं, तुम्हा दोघींना चकित करावं. पुलापर्यंत आलोय, वीस मिनिटं लागतील. तू तिथेच उभी राहा. फोन ठेवायचा नाही, कळलं?"

"कळलं."

मी फोन ठेवला नाही. रिसीव्हर हळूच टेबलावर आडवा केला. त्यातून ह्यांच्या गाडीचा घरघर आवाज येत होता. मी अनवाणी अंगणात आले.

चावीवाला दार सताड उघडून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "घ्या! जळली का एक तरी तार? उगाच घाबरता."

"काका," मी म्हटलं, "माझा नवरा मला मारतो."

बघा, चारच शब्द. इतकी वर्षं पोटात ठेवलेले शब्द, आणि ते बाहेर पडले तेव्हा आकाश कोसळलं नाही की काही नाही. पुढचं मग आपोआप आलं. "दार उघडलं की त्यांना संदेश जातो. म्हणून बॅटरी संपवली होती मी. ते वीस मिनिटांत येतायत. मुलीला शाळेतून घ्यायचंय आणि कागद त्या कप्प्यात आहेत."

त्याचा चेहरा उतरत गेला. आधी त्याने बॅटरीच्या वायरकडे पाहिलं, मग माझ्या अनवाणी पायांकडे. "मला म्हणायचं होतंत की हो," तो म्हणाला. "नुसतं म्हणायचं होतंत." आणि स्वतःलाच एक शिवी देऊन तो गाडीत वाकला.

कप्प्याला वेगळं कुलूप होतं. सळई दोनदा निसटली. तिसऱ्यांदा कट असं वाजलं. निळी फाइल तिथेच होती. त्याने ती उघडून पासपोर्टमधला फोटो पाहिला.

"गाडी तुमच्या नावावर नाही ना?"

"नाही."

"कागद तुमचे आहेत. मी कागद उघडून दिले. वहीत तसंच लिहीन. चपला घाला."

मी चपला घातल्या, दाराआड भरून ठेवलेली पिशवी घेतली. रिसीव्हर टेबलावर तसाच होता. त्यातून हे माझं नाव घेऊन हाक मारत होते, लाडाने, लहान मुलाला मारतात तशी. मी तोंडावर हात ठेवून त्याच्या शेजारून चालत गेले, जणू त्याला दिसेल मी.

मागच्या सीटवर ठकीचं पुस्तक राहिलं होतं. ते घ्यायला वाकले तेव्हा पाहिलं, करंट आल्यावर तो दिवा पुन्हा लागला होता. माझा हात आपोआप वर गेला, बंद करायला. राहिला तर हे ओरडतील म्हणून! त्या घाईतही मला हसू आलं. मी हात खाली घेतला.

चावीवाल्याच्या व्हॅनच्या दाराला कुलूपच नव्हतं. दोरीने बांधलेलं होतं. एरवी मी यावरून त्याची थट्टा केली असती. शाळेपर्यंत दहा मिनिटं, आणि पुलावरून येणारी वाट त्याच रस्त्याला मिळते. समोरून येणारी प्रत्येक पांढरी गाडी मला ह्यांचीच वाटत होती. एकदा मी सीटखाली वाकलेसुद्धा. "दूधवाला आहे," चावीवाला म्हणाला. "उठा."

शाळेच्या कचेरीत कारकूनबाईंनी मला लवकर नेण्याची चिठ्ठी भरायला दिली. कारणाच्या रकान्यात मी 'दवाखाना' लिहीत होते, तेव्हा त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी हात पुढे केला.

"आधी पोर आणवा हो बाई," मागून चावीवाला करवादला. "गाडी रस्त्यात उभी आहे माझी. फोन काय, पळून जातोय?"

बाई चिडल्या, पण त्यांनी शिपायाला वर्गात पाठवलं. फोन वाजत राहिला. थांबला. परत वाजायला लागला. कोण होतं ते मला माहीत नाही. कुणीही असेल, एखाद्या मुलाची आजी असेल. मी चिठ्ठीवर सही केली, आणि ती माझी सही आहे हे कुणाला पटलं नसतं. बाईंनी रिसीव्हर उचलला तेव्हा ठकीचा हात माझ्या हातात होता आणि आम्ही दारात होतो. मी मागे वळून पाहिलं नाही.

व्हॅनमध्ये ठकी आमच्या दोघांच्या मध्ये बसली. चावीवाला आम्हाला इथल्या बसथांब्यावर नाही, पुढच्या गावच्या थांब्यावर सोडणार होता. मी तिला ताईमावशीकडे जातोय असं सांगितलं. तिने माझ्या मांडीवरची निळी फाइल पाहिली, मग तिच्याखालचं पुस्तक पाहिलं, आणि एकदम तिने आपली बोटं मुठीत मिटून घेतली.

"आई," ती म्हणाली, "दिवा बंद केलास ना?"

"नाही," मी म्हटलं. "चालूच ठेवलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिची मूठ माझ्या हातात घेतली. थांबा येईपर्यंत ती उघडली नाही.